स्टेपनीतली हवा

आमच्या घरी खंडेनवमीला पूजेच्या पाटावर एक पिस्तूल असतं आणि त्याला कुंकू कुठं लावायचं यावरून आईचं आणि माझं दरवर्षी वाजतं. आईचं म्हणणं, जिथं हात लागतो तिथं लावायचं. माझं म्हणणं, हात लागतो तिथंच ट्रिगर आहे, तू आपली नळीवर लाव, फार तर सिलिंडरवर. पाटावरची बाकीची मंडळी बिनतक्रार कुंकू लावून घेतात. बाबांचा व्हर्निअर, दोन पाने, अर्धगोल कानस, आईची कात्री आणि शिवणयंत्राची बॉबिनकेस. झेंडूच्या पाकळ्यांत ही सगळी अवजारं एकाच घरातली दिसतात. पिस्तूल मात्र लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखं जरा अवघडून बसलेलं असतं.

2010 च्या खंडेनवमीला मला ऑफिसातून यायला उशीर झाला आणि आईनं पूजा उरकून घेतली. दसरा झाल्यावर रेंजवर गेले, छर्रा भरायला लीव्हर उघडली, ती परत बसेना. जोर करायचा नाही हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. बॅटरी मारून पाहिलं तर छर्रा ठेवायच्या खाचेत हळदकुंकवानं माखलेला अक्षतेचा एक अख्खा दाणा. रेंजवरच्या सरांनी तो चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हा दहात नाही जायचा." घरी बाबांना सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग वही काढून त्यांनी रीतसर नोंद केली. बिघाड : बाहेरचा पदार्थ. कारण : श्रद्धा. उपाय : पूजेच्या वेळी फडकं झाकणे.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सला होते. माणसं आपापल्या देवावरून ओळखू येतात तसे ते स्टेपनीवरून ओळखू यायचे. आमच्याकडे बजाजची स्कूटर होती. पुण्यात तेव्हा कुणाकडे नव्हती म्हणा. सकाळी सगळी गल्ली स्कूटर एका बाजूला कलती करून किक मारायची, तेव्हा बाबा मात्र वाकून स्टेपनीचं चाक दाबून बघत असायचे. दर रविवारी पंपावर तिन्ही चाकांत हवा. पंपावरचा पोऱ्या दोन चाकांत भरून पाइप गुंडाळायला लागला की बाबा त्याला थांबवत. "अरे, तिसरं राहिलं." आणि महिन्यातून एकदा स्टेपनी काढून मागच्या चाकाच्या जागी बसवायची, मागचं चाक स्टेपनीच्या जागी. आईला हा निव्वळ रिकामा उद्योग वाटे. बाबा म्हणत, जे चाक रस्त्यावर फिरलेलं नाही ते चाक आहे हे कशावरून समजायचं?

पिस्तूल म्हटलं की लोक खुर्ची किंचित मागं घेतात, म्हणून सांगून टाकते. माझं पिस्तूल हवेचं आहे. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दहा मीटरवर जातो. छर्ऱ्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, त्याचं डोकं मुद्दाम सपाट, कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. एका हातानं धरायचं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. स्पर्धेत साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं. आणि टार्गेटच्या मधोमध जो 'दहा' असतो त्याचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे बरोबर शर्टाचं बटण. दहा मीटरवरच्या माणसाच्या शर्टाचं बटण तुम्हाला नीट दिसतं का, एकदा बघाच.

हा नाद लागला तो बालेवाडीत. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात 2008 च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. भाच्याला घेऊन मी एक दिवस नेमबाजी बघायला गेले होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. मला पदकापेक्षा त्या हॉलमधली शांतता आठवते. इतकी तरुण पोरं एका जागी आणि कुणीच काही बोलत नाही! मी तेव्हा तेहतीस वर्षांची. पुढच्या जूनमध्ये एका क्लबात नाव घातलं आणि वर्षभरात सेकंडहँड पिस्तूल घेतलं. या खेळातली बहुतेक नावाजलेली पिस्तुलं जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीतून येतात. किंमत ऐकून आई देवघरात जाऊन बसली.

बाबांनी मात्र ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून तासभर न्याहाळलं. किमतीबद्दल चकार शब्द नाही. पहिला प्रश्न, "ह्याचं काय काय झिजतं?"

बंदूक झिजते म्हटलं की लोकांना नळी आठवते. हवेच्या पिस्तुलाची नळी बहुधा आपल्याला पुरून उरते. मऊ शिसं, ना दारू ना जाळ, तिला झिजवणार कोण? झिजतं ते रबर. सिलिंडर जिथं पिस्तुलाला जोडला जातो तिथं, झडपेत, छर्रा नळीत ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाशी, अशा चार-पाच ठिकाणी काळ्या ओ-रिंगा असतात, बाहुलीच्या बांगडीएवढ्या. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. या सिलिंडरमध्ये दोनशे. त्या दोनशे बारना ती बाहुलीची बांगडी अडवून धरते. दर वेळी सिलिंडर फिरवून काढा, भरा, परत फिरवून लावा. दर फिरवण्याला रबराची एक अदृश्य साल निघते. मग ट्रिगरची स्प्रिंग. नियमानं ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमला सुटला पाहिजे, त्याआधी नाही. सामन्यापूर्वी तपासणीच्या टेबलावर पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल उचलतात. वजन अधांतरी राहिलं तर पास, खट्‌ झालं तर परत जा. स्प्रिंग थकली की पाचशेचे चारशे नव्वद होतात आणि बोटाला ते कळतही नाही. उलट शॉट हलका सुटतोय, आज हात बसलाय, असंच वाटतं. थकव्याची ही एक तऱ्हा मला फार कावेबाज वाटते.

सिलिंडरला तर मुदतच असते. त्यावर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षं झाली की तो स्पर्धेत चालत नाही, दिसायला कितीही लखलखीत असो.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. पुढं एकदा रविवार पेठेत बोहरी आळीला जाऊन चार दुकानं पालथी घातली आणि व्हर्निअरनं मोजून ओ-रिंगा आणल्या. दुकानदार सत्तर शोअर कडकपणाच्या देत होता, पाण्याच्या पंपाला चालतात तशा. बाबांनी त्याला नव्वद शोअर म्हणजे काय, दोनशे बारला मऊ रबर कसं चिरतं, यावर उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. मग त्या रिंगा प्लास्टिकच्या पुड्यांत, प्रत्येक पुडीवर बॉलपेननं माप, जागा, तारीख. पुड्या पारले बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. डबा कपाटाच्या खालच्या खणात. 'स्पेअर' या शब्दाला बाबांनी मराठी प्रतिशब्द कधी शोधला नाही. त्यांच्या तोंडी तो 'स्पेर' होता आणि तो बिनीच्या सैनिकाचं नाव घ्यावं तसा येई.

मुठीचं काम आम्ही दोघांनी केलं. पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती बाजारातून आली तशी कुणालाच बसत नाही. कानशीनं इथं काढायचं, तिथं एम-सील भरायचं, वाळलं की पुन्हा घासायचं. मी मूठ धरायची, बाबांनी पेन्सिलीनं बोटांच्या कडा आखायच्या. तीन रविवार चाललं होतं. शेवटी एकदा डोळे मिटून पिस्तूल उचललं, उघडले, तर दोन्ही साइट आपोआप एका रेषेत. मी काहीच न करता. बाबा म्हणाले, "आता हे तुझं. दुसऱ्याला देऊ नकोस, त्याला टोचेल."

पुढं एका मैत्रिणीनं खेळ सोडला तेव्हा तिचं, माझ्यासारखंच, त्याच मॉडेलचं पिस्तूल मी घेतलं. राखीव म्हणून. मूठ मापं घेऊन सारखी करवली, तीही बाबांनीच. ट्रिगर पाचशे ग्रॅमला लावला. तेल लावून, फडक्यात गुंडाळून, पेटीत ठेवलं आणि विसरले. म्हणजे विसरले नाही, ते आहे हे मला पक्कं माहीत होतं. तेवढ्या माहितीवरच मी तीन वर्षं शांत झोपले.

मग राज्य स्पर्धेतला तो एकेचाळिसावा शॉट आला. त्याआधीचे दोन शॉट खाली गेले होते, दोन्ही वेळा मी स्वतःला दोष दिला. मनगट सैल पडलं, घाई केली, वगैरे. नेमबाजाची ही सवयच, काहीही झालं की आधी स्वतःच्या अंगात शोधायचं. एकेचाळिसाव्याला पिस्तूल उचलता उचलता कानाशी बारीक आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. सिलिंडरच्या सांध्यातून हवा जात होती. दाब उतरल्यामुळं छर्रे खाली पडत होते. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळीचा रोख टार्गेटकडेच, आणि हात वर केला. रेंज ऑफिसर आले, पाहिलं, मान हलवली. घड्याळ चालूच. पिस्तुलाच्या बिघाडाला जादा वेळ मिळत नाही, तो तुमचा तुम्ही बघायचा. ओ-रिंगांचा डबा घरी, कपाटाच्या खालच्या खणात. पेटीत होतं ते राखीव.

त्याचा पहिला शॉट मी सोडला, लागला सात. मग आठ. मग सहा.

त्या पिस्तुलात काहीही बिघडलेलं नव्हतं. वजन तेच, पाचशे ग्रॅम तेच, मूठ मिलिमीटर ते मिलिमीटर तीच. पण माझ्या रोजच्या ट्रिगरच्या पहिल्या पायरीशेवटी एक अगदी पुसट अडखळणं होतं, जुन्या जिन्याच्या झिजलेल्या पायरीसारखं, जिथं पाय आपोआप सांभाळून पडतो. इतक्या वर्षांत माझ्या बोटानं ते अडखळणं पाठ केलं होतं, मला न सांगता. नव्याचा जिना गुळगुळीत. बोट जिथं थांबणार तिथं थांबायला काही नव्हतंच. उरलेले वीस शॉट मी परक्या घरात अंधारात चालावं तसे चालले. बाबा गॅलरीत बसले होते. बाहेर आल्यावर चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "तिसऱ्या चाकात हवा भरली नव्हतीस."

पुढं 25 जुलै 2021 ला, एका रविवारी पहाटे साडेपाचला, मी मोबाइलवर टोकियो ऑलिंपिकचे गुण बघत होते. मनू भाकर, एकोणीस वर्षांची. तिचे आकडे मध्येच थांबले. पुढं सरकेनात. आधी वाटलं, नेटवर्क गेलं. मग कळलं की पिस्तुलाची तरफ तुटली, ती आणि प्रशिक्षक पिस्तूल घेऊन रेंजबाहेर गेलेत. दुरुस्ती करून ती परतली तेव्हा 44 शॉट बाकी होते आणि वेळ 36 मिनिटं. राखीव पिस्तूल तिनं हातात घेतलं नाही. बरेच जण तेव्हा टीव्हीवर आणि घराघरांत विचारत होते, दुसरं का नाही घेतलं? मी विचारलं नाही. मला ते सात, आठ, सहा आठवत होते. तिनं 575 केले, बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. मोडक्या पिस्तुलावर आणि धावत्या घड्याळावर 575 म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी पिस्तूल उचललंय त्यालाच कळेल. 28 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये तिला कांस्य मिळालं तेव्हा आईनं साखर वाटली. तिला आता ट्रिगर म्हणजे काय ते कळतं, कुंकवाचा वाद सोडून.

मी डेक्कनवरून बालेवाडीला जाते. फर्ग्युसन रस्ता, मग गणेशखिंड, विद्यापीठ चौक, बाणेर. मेट्रोच्या खांबांनी आणि वाहतुकीनं हा रस्ता आता तासाचा झालाय, त्यामुळं विचार करायला मुबलक वेळ मिळतो. पेटी पायाशी ठेवून या रस्त्यानं जाताना मला दर वेळी चमत्कारिक वाटतं, कारण या रस्त्यावर माझ्या आधी पिस्तुलं येऊन गेलेली आहेत.

22 जून 1897. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाची रात्र. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी, तिथंच आज विद्यापीठ आहे. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांच्या घराघरांत सोजीर घुसवणारा रँड तिथून परतत होता. दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर वाटेवर उभे होते. दामोदर हरींनी स्वतःच्या जबानीत लिहून ठेवलंय की त्यांनी पिस्तुलांबरोबर तलवारीही आणल्या होत्या, आणि त्या त्यांनी जवळच्या एका मोरीखाली लपवून ठेवल्या, लागल्या तर काढू म्हणून. इतिहासाच्या पुस्तकात या प्रसंगाचा आवाज मोठा असतो, "गोंद्या आला रे" ची हाक असते. मी मात्र त्या मोरीपाशी अडते. पिस्तूल उडेलच याचा भरवसा नाही, हे त्या दोघांनी गृहीत धरलेलं होतं. तलवारींची गरज पडली नाही. गोळी लागलेला रँड 3 जुलैला गेला, मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट त्याच रात्री.

त्याच रस्त्यावर जरा अलीकडं, 22 जुलै 1931 ला, फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी हाताच्या अंतरावरून गोळी झाडली. शस्त्र उडालं, नेम चुकायचा प्रश्नच नव्हता, आणि हॉटसन उभाच. त्याच्या खिशातल्या पाकिटाला धातूचं बटण होतं, गोळी त्या बटणावर बसली. गोगट्यांना शिक्षा झाली, आणि पुण्यात त्यांचं नाव कायमचं 'हॉटसन गोगटे' झालं. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना ते बटण अंगठा आणि तर्जनीत धरून दाखवायची, एवढंस्सं. मी बरीच वर्षं तेवढ्याच आकाराच्या बटणावर नेम धरते आहे, निव्वळ कागदावर. माझं शस्त्र आणि त्यांचं शस्त्र यांना एकच शब्द वापरायचा मला संकोच वाटतो, पण भाषेनं दुसरा दिलेला नाही.

राज्य स्पर्धेनंतर सरांनी मला खडकीला एका काकांकडे धाडलं. काका फौजेतून आर्मरर म्हणून निवृत्त झालेले, मूळ साताऱ्याकडचे. खडकी हे पुण्याचं वेगळंच अंग आहे. 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना, लष्कराची वर्कशॉपं, ओळीनं क्वार्टर्स, आणि एकूण गावाला घड्याळाची शिस्त. काकांच्या ओट्यावर हिरव्या कापडाची घडी, तिच्यावर स्क्रूड्रायव्हर लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळ्यांची तोंडं एकीकडं. त्यांनी माझं पिस्तूल हातात घेतलं, आधी लीव्हर उघडून रिकामं आहे याची खात्री केली, मग मला दाखवली, मग नमस्कार केला. या क्रमात त्यांचा सगळा जन्म होता.

सांधा उघडून त्यांनी ओ-रिंग टाचणीवर उचलली आणि भिंगाखाली धरली. रिंगेच्या आतल्या कडेला केसाएवढी चीर. "ताई, ही एका दिवसात नाही गेली," काका म्हणाले. "ही बरेच दिवस सांगत असणार. सिलिंडर लावून ठेवत होता ना रात्रभर?" होते. सकाळी काटा जरा उतरलेला दिसायचा, मी हवामानावर ढकलायचे.

मी राखीव पिस्तुलाची रड सांगितली. काकांनी थ्री-नॉट-थ्रीची गोष्ट सांगितली. त्या रायफलच्या बोल्टवर रायफलचाच नंबर ठोकलेला असे. साफसफाईला पन्नास रायफली उघडल्या की पोरं बोल्ट इकडचे तिकडं करायची. दिसायला सगळे एक, बसायचेही. पण बोल्ट आणि नळी एकमेकांशी घासून जुळलेले असतात, दुसऱ्याचा लावला की ती जागा कमीजास्त होते, आणि मग काडतूस फाटण्यापर्यंत मजल जाते. "म्हणून नंबर वाचून लावायचा. भाऊ-भाऊ असले तरी ज्याची बायको त्याच्याकडं." असं म्हणून काका स्वतःच लाजले आणि आत चहा सांगायला गेले.

त्यांनी दोन्ही पिस्तुलांचे ट्रिगर शेजारी शेजारी उघडून जमवून दिले, जुन्यातली ती अडखळण मी काढू दिली नाही. नव्यात तशी घालता येईल का, विचारलं. काका म्हणाले, "ती घालता येत नाही, ती पडते. मारा पाच हजार शॉट."

तेव्हापासून मंगळवार राखीवाचा. मंगळवारी ते एकटंच पेटीतून निघतं, जुनं घरी. पहिले काही महिने मंगळवारचे गुण बघवत नसत. आता दोघांत तीन-चार गुणांचा फरक राहिलाय आणि नव्याच्या ट्रिगरला, मला वाटतं, पहिल्या पायरीच्या टोकाला काहीतरी जाणवू लागलंय. किंवा माझ्या बोटालाच ते हवं आहे.

आमच्या क्लबात पॉइंट टू-टूवाले आहेत. खऱ्या काडतुसाचं पिस्तूल, पंचवीस मीटर. त्यांना हे चोचले परवडत नाहीत. परवाना पोलीस आयुक्तालयातून, त्यावर किती शस्त्रं याची नोंद, निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायचं नाहीतर खेळाडू म्हणून सूट मिळवायला अर्ज घेऊन फिरायचं. शिवाय त्यांचं पिस्तूल अडतं ते भर मालिकेत. काडतूस फुसकं निघतं, रिकामं टरफल बाहेर पडता पडता चिमटीत सापडतं. मग पिस्तूल तसंच, रोख न हलवता धरून मोकळा हात वर. पंच येऊन बघतात आणि ठरवतात की दोष शस्त्राचा का नेमबाजाचा. काडतूसच भरलेलं नसेल, सेफ्टी काढायची राहिली असेल, तर तो बिघाड धरत नाहीत. असा पंच घराघरांत एक असता तर किती बरं झालं असतं.

गेल्या वर्षी माझं मनगट गेलं. अंगठ्याच्या मुळाशी कंडरा सुजल्या, दुधाची पिशवी उचलली तरी कळ. पन्नाशीत पिस्तूल, असं म्हणून डॉक्टर हसल्या आणि सहा आठवडे पट्टा बांधून दिला. त्या सहा आठवड्यांत मी राही सरनोबतच्या जुन्या बातम्या वाचत होते. 2013 मध्ये चांगवॉनला तिनं विश्वचषकात सुवर्ण घेतलं, पिस्तुलात ते करणारी पहिली भारतीय. मग कोपराची दुखापत, मोठा खंड, आणि 22 ऑगस्ट 2018 ला पालेम्बांगला एशियाडमध्ये दोन-दोन शूटऑफ खेळून सुवर्ण. त्या मधल्या वर्षांत तिच्या पिस्तुलाला काही झालं नव्हतं. ते पेटीत नीट असणार, तेल लावलेलं.

एका दुपारी कंटाळून मी डाव्या हातानं पिस्तूल धरून पाहिलं. हाताला हात आहे ना दुसरा, मग राखीव कशाला म्हणायचं! अक्रोडाची मूठ डाव्या तळव्यात सगळीकडून टोचली. जिथं उंचवटा हवा तिथं खळगा. बाबांनी आखलेली एकेक कड उलटी. मी आरशासमोर उभी राहून थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग ठेवून दिलं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ओ-रिंगांचा डबा मी त्यानंतर उघडलाच नव्हता. काकांकडून गरजेपुरत्या नव्या आणत होते, डब्यातल्या 'आहेत' म्हणून ठेवल्या होत्या. पट्टा सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या पिस्तुलाचा सांधा पुन्हा कुरकुरला. रविवार, खडकीचे काका गावाला. मी डबा काढला. पुड्या तशाच, वर बाबांचं तिरकं अक्षर. 'सिलिं. सांधा. 2 नग. 14/8/11.' पुडीतून एक रिंग काढली, नुसती बोटांत ताणली आणि ती तुटली. दुसरी ताणली. तीही. न वापरता, अंधारात, पत्र्याच्या डब्यात, चौदा वर्षांत रबर आतल्या आत कडक होऊन गेलं होतं. वरून काळंभोर, तुकतुकीत, जसंच्या तसं. बाबा असते तर त्यांनी वही काढली असती. कारण या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असतं, याचा मी बराच वेळ विचार केला.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर बोहरी आळीत गेले. ते दुकान आहे, काउंटरवर आता मुलगा बसतो. नव्वद शोअर म्हटल्यावर त्यानं न बोलता खालचा खण उघडला. घरी येऊन व्हर्निअरनं मोजल्या, व्हर्निअर आईनं गेल्या दसऱ्याला लावलेल्या कुंकवासकट अजून ठणठणीत आहे. तुटलेले तुकडे काढून नव्या रिंगा त्याच पुडीत घातल्या. पुडी बदलावी असं एकदा वाटलं. मग बॉलपेन घेतलं आणि 14/8/11 च्या खाली, जागा थोडीच उरली होती, बारीक अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "अगं, उद्या मंगळवार ना? दुसरं न्यायचंय तुला."